मक्की की मदनी? सूरहच्या मथळ्यावरून एक वाद

भारतात छापलेली कुरआनाची नेहमीची प्रत उघडावी. ती जुन्या नाशकातल्या दुकानातून आणलेली असो की मालेगावातल्या, प्रत्येक सूरहच्या (अध्यायाच्या) डोक्यावर एक चौकट दिसते. चौकटीत सूरहचे नाव, तिच्यातल्या आयतींची (वचनांची) आणि रुकूंची (परिच्छेदांची) संख्या, आणि एक छोटा शब्द : मक्की किंवा मदनी. पुष्कळ प्रतींत नावाच्या दोन बाजूंना दोन आकडेही असतात, एक ग्रंथातला क्रमांक आणि दुसरा अवतरणाच्या क्रमातला. ‘अलक’ या सूरहवर एकीकडे ९६ आणि दुसरीकडे १ असते. म्हणजे ग्रंथाच्या पार शेवटाकडे आलेली ही सूरह परंपरेच्या हिशेबाने सर्वांत आधी, इ.स. ६१० च्या सुमारास हिरा गुहेत उतरू लागली. इ.स. ६२२ मध्ये पैगंबर मुहंमद मक्केहून मदिनेला गेले. त्या हिजरतीआधी उतरले ते मक्की आणि नंतरचे मदनी, हा बहुतेक विद्वानांनी मानलेला निकष आहे. हिजरतीनंतर खुद्द मक्केत उतरलेली आयतही मदनीच धरतात. प्रचलित गणतीप्रमाणे ११४ पैकी ८६ सूरह मक्की आणि २८ मदनी आहेत. चौकटीतला हा मजकूर ईशवाणीचा भाग आहे असे कोणताही मुस्लिम मानत नाही. तो माणसांनी आठवून, विचारून, वाद घालून ठरवलेला आहे.

त्यावर विश्वास किती ठेवायचा, याबद्दल दोन बाजू ठाम आहेत आणि त्या एकमेकींशी क्वचितच बोलतात. इथे त्यांना समोरासमोर बसवले आहे. एक आहेत मालेगावच्या मदरशात तफसीर, म्हणजे कुरआनाचे भाष्य, शिकवणारे मौलाना, दुसरे नाशिकच्या महाविद्यालयात इतिहास शिकवणारे प्राध्यापक. दोघेही कल्पित आहेत, त्यांच्या तोंडची माहिती मात्र कल्पित नाही. मी मधे मधे बोलणार आहे, कारण या वादात माझेही एक मत आहे. सूरह केव्हा आणि कुठे उतरली याचा जो हिशेब परंपरेने ठेवला, ती तिने स्वतःच्या धर्मग्रंथाची केलेली इतिहासचिकित्सा आहे. त्या हिशेबाचा ठोकळ भाग भक्कम आहे आणि बारीकसारीक कथांचा भाग कच्चा. हा फरक लक्षात ठेवणाऱ्यालाच कुरआनातली आयत पुढे करून बोलण्याचा अधिकार पोचतो.

प्राध्यापक म्हणतात, “मौलाना, माझी अडचण सरळ आहे. सूरह कोणत्या प्रसंगी उतरली हे सांगणारा जो मोठा ग्रंथ तुम्ही शिकवता, तो नैशापूरच्या वाहिदीचा. वाहिदी वारला १०७५ साली, म्हणजे पैगंबरांनंतर चारशेहून अधिक वर्षांनी. इब्न इसहाकचं पैगंबरचरित्र जुनं म्हणावं तर तेही शंभरावर वर्षांनंतरचं. एवढ्या अंतरानं लिहिलेल्या प्रसंगांना इतिहासाचा विद्यार्थी पुरावा कसा म्हणणार? शिवाय त्या कथा एकमेकींशी जुळत नाहीत. आत्म्याविषयी विचारणारी आयत घ्या, सतराव्या सूरहमधली. पैगंबरांचे साथीदार इब्न मसऊद सांगतात की मदिनेत ज्यूंनी प्रश्न विचारला तेव्हा ती उतरली. दुसरे साथीदार इब्न अब्बास सांगतात की मक्केत कुरैश टोळीने विचारला तेव्हा. ‘तहरीम’ सूरहच्या मागे एका कथेत पैगंबरांनी घेतलेला मध आहे, दुसरीत त्यांच्या घरातली मारिया. ‘फातिहा’ बहुतेकांच्या मते मक्की, पण मुजाहिदसारखा जुना भाष्यकार तिला मदनी म्हणतो. आणि अशी गाठ पडली की तुमचे विद्वान काय म्हणतात? ती आयत दोनदा उतरली! हा इतिहास नाही, ही डागडुजी आहे.”

मौलाना उत्तर देतात, “सर, तुम्ही ज्या विसंगती मोजल्या त्या तुम्हाला कुठे मिळाल्या? आमच्याच ग्रंथांत. हदीस गोळा करणाऱ्या बुखारी आणि तिर्मिजी यांनी दोन्ही रिवायती (परंपरेनं आलेले वृत्तांत) जपून ठेवल्या, एकीला पुसून टाकलं नाही. वाहिदीनं तर प्रस्तावनेतच तक्रार केली आहे की आपल्या काळातले लोक आयतींमागचे प्रसंग बेधडक रचून सांगतात. ज्यांनी अवतरण पाहिलं त्यांच्यापर्यंत सांगणाऱ्यांची साखळी पोचत नसेल तर बोलू नये, हा त्याचाच आग्रह. आणि आपल्या हिंदुस्थानातली साक्ष हवी असेल तर शाह वलीउल्लाह देहलवींचं ‘अल-फौजुल कबीर’ पाहा. ते म्हणतात, प्रत्येक आयतीला एक किस्सा चिकटवण्याची भाष्यकारांची खटपट अनावश्यक आहे. माणसांच्या चुकीच्या समजुती आणि चुकीचं आचरण, हेच अवतरणाचं खरं कारण. ते आणखी एक मोलाची गोष्ट सांगतात. पहिल्या पिढ्यांतले लोक ‘ही आयत अमुक बाबतीत उतरली’ असं म्हणायचे तेव्हा अनेकदा त्यांचा अर्थ एवढाच असे, की ही आयत त्या गोष्टीलाही लागू पडते. पुढच्यांनी ते शब्द घटनेचा दाखला म्हणून वाचले. तुमच्या निम्म्या विसंगती इथेच सुटतात.”

निम्म्या सुटतात की कमी, हे मोजून कोणी सांगणार नाही. पण शाह वलीउल्लाह (१७०३–१७६२) यांचा हा मुद्दा या सगळ्या वादाची किल्ली आहे असे मला वाटते. प्रसंगकथांचे दोन प्रकार त्यातून वेगळे होतात. काही कथा अशा आहेत, की ज्यांच्यावाचून आयतच कळत नाही. ‘अबस’ सूरह एका आंधळ्याच्या येण्याने सुरू होते. कोणीतरी कपाळाला आठी घालून तोंड फिरवले, असे तिथे मजकुरातच आहे. तो आंधळा इब्न उम्म मक्तूम, आणि त्या वेळी पैगंबर कुरैशांच्या बड्या माणसांना समजावण्यात गुंतले होते, हे मात्र परंपरा सांगते. ही पैगंबरांना दिलेली कानउघाडणी आहे. जो समाज आपल्या पैगंबराच्या जीवनाकडे अपार श्रद्धेने पाहतो त्याने अशी कथा मुद्दाम रचावी, याला काही हेतू सापडत नाही. दुसऱ्या प्रकारच्या कथा मजकुराला बाहेरून डकवलेल्या दिसतात. आयत सामान्य नीतीची असते आणि कथा तिला एखादे नाव, एखादा वैरी पुरवते. पहिल्या प्रकाराला मान द्यावा, दुसऱ्यापुढे प्रश्नचिन्ह ठेवावे. प्राध्यापकांची चूक ही, की दुसऱ्या प्रकारातले दोष दाखवून ते पहिलाही प्रकार बाद करतात. त्याहून मोठी चूक म्हणजे प्रसंगकथा कच्च्या म्हणून मक्की-मदनी ही विभागणीही कच्ची असे ते धरून चालतात. ती विभागणी कथांवर उभी नाही.

ती कशावर उभी आहे हे पाहायला अरबी येण्याचीही गरज नाही, पान समोर असले तरी पुरते. ‘मुज्जम्मिल’ या ७३ व्या सूरहमध्ये २० आयती आहेत. पहिल्या एकोणीस आखूड, दोन-चार ते दहा-बारा शब्दांच्या, शेवटाला यमक जुळणाऱ्या, आरंभीच रात्री उठून प्रार्थना करण्याचा आदेश देणाऱ्या. विसावी आयत एकदम फुगते. तिच्या एकटीच्या ओळी मोजाव्यात आणि मागच्या आयतींशी ताडून पाहाव्यात, इतका फरक. ती म्हणते की रात्रीच्या प्रार्थनेचा भार आता हलका केला आहे, कारण तुमच्यात आजारी असतील, पोटापाण्यासाठी प्रवास करणारे असतील, लढणारेही असतील. आदेश आणि त्याची सवलत एका दमात येत नाहीत. पैगंबरांच्या पत्नी आयेशा यांच्याकडून आलेली एक रिवायत या दोहोंत वर्षाचे अंतर सांगते; लढाईचा उल्लेख पाहून अनेक विद्वान शेवटची आयत मदिनेतली मानतात. अंतर किती यावर मतभेद आहेत, अंतर आहे यावर नाहीत, आणि ते अंतर डोळ्यांना दिसते. ‘अलक’चेही तसेच. पहिल्या पाच आयती वाचनाच्या आदेशाच्या. सहाव्यापासून प्रार्थना करणाऱ्याला अडवणाऱ्या माणसाविषयी बोलणे सुरू होते. म्हणजे विरोध सुरू झाल्यानंतरचा तो भाग. एकोणीस आयतींच्या सूरहतही दोन काळ आहेत, आणि परंपरेने ते झाकले नाहीत, नोंदवले. १९२४ साली कैरोत निघालेल्या प्रमाण प्रतीत मक्की सूरहच्या मथळ्याशी तिच्यातल्या कोणत्या आयती मदनी आहेत हेही छापले होते.

प्राध्यापकांचा पुढचा आक्षेप अधिक टोकदार आहे. ते म्हणतात, “हे वर्तुळ झालं. आखूड आयती जुन्या म्हणायच्या, कारण त्या मक्की; आणि मक्की म्हणायच्या, कारण त्या आखूड. नोल्डेके यांनी १८६० साली जर्मनीत सूरहांचा कालक्रम लावला, मक्केचे तीन टप्पे पाडले. लोक म्हणतात, पाहा, युरोपच्या विद्वानानंही परंपरेला दुजोरा दिला. पण त्यांनी मूळ चौकट परंपरेकडूनच घेतली होती. वॉन्सब्रो या अभ्यासकानं १९७७ मध्ये हेच विचारलं, की चरित्र बाजूला ठेवलं तर कुरआनाचा काळ ठरवायला आपल्या हातात उरतं काय? त्यांच्या मते हा ग्रंथ पक्का व्हायला आणखी दीड-दोन शतकं गेली.”

मौलाना म्हणतात, “सर, चरित्र बाजूला ठेवू. ‘रूम’ सूरह तर ठेवावी लागेल ना? तिच्या आरंभी रोमनांचा जवळच्या प्रदेशात पराभव झाल्याचं सांगितलं आहे आणि काही वर्षांत ते पुन्हा जिंकतील असंही. इराण्यांनी ६१४ मध्ये जेरुसलेम घेतलं, हे तुम्ही ग्रीक इतिहासकारांकडूनच शिकवता. हेराक्लियसनं ६२२ पासून बाजी फिरवायला सुरुवात केली आणि ६२७ मध्ये निनवेजवळ इराण्यांना हरवलं. सूरह मक्की आहे असं आम्ही म्हणतो, आणि तुमच्या तारखा तिला त्याच काळात बसवतात.”

हा खुंटा बाहेरचा आहे, म्हणून त्याचे मोल मोठे. वर्तुळाचा आक्षेप एकाच खुणेवर काळ ठरवला असता तर खरा ठरला असता. इथे अनेक खुणा एकत्र हलतात. ठासून नकार देणारा ‘कल्ला’ हा शब्द ग्रंथात ३३ वेळा येतो, १५ सूरहांत येतो, आणि त्या सगळ्या उत्तरार्धातल्या आणि मक्की आहेत. श्रद्धावंतांना उद्देशून हाक मारणारी संबोधने मदनी सूरहांत दिसतात. वारसाहक्क, तह, युद्धातली लूट, दांभिक अनुयायी हे विषय त्याच सूरहांत दाटीने येतात. कर्जाचा व्यवहार लिहून ठेवा, साक्षीदार घ्या, असे बजावणारी ग्रंथातली सर्वांत लांब आयत ‘बकरा’ या मदनी सूरहमध्ये आहे. आयतीची लांबी, शब्द, संबोधन आणि विषय या चार वेगळ्या गोष्टी एकाच रेषेवर दुभंगतात तेव्हा ती रेषा कोणा एका लेखकाने ओढली असे म्हणता येत नाही. एक समाज छळ सोसणाऱ्या गटातून राज्य चालवणाऱ्या समाजात बदलत गेल्याचा तो ठसा आहे.

वॉन्सब्रोंच्या प्रतिपादनाला तर आता भौतिक पुराव्यानेच धक्का बसला आहे. बर्मिंगहॅम विद्यापीठातल्या दोन पानांचा कार्बन निकाल २०१५ मध्ये जाहीर झाला; ते चामडे ५६८ ते ६४५ च्या दरम्यानचे असण्याची शक्यता ९५.४ टक्के निघाली. काळ चामड्याचा आहे, शाईचा नाही, ही सावधगिरी बाळगूनही दीड-दोन शतकांची कल्पना टिकत नाही. त्याहून बोलका पुरावा येमेनचा आहे. साना शहराच्या मोठ्या मशिदीत १९७२ मध्ये दुरुस्ती करताना जुन्या पानांचा साठा सापडला, आणि त्यातल्या काही पानांवरचा मूळ मजकूर खरवडून वर पुन्हा लिहिलेले आढळले. खालच्या पुसट थरात शब्दांचे काही फरक आहेत आणि सूरहांचा क्रमही आजच्यासारखा नाही. पण सूरहच्या आतली आयतींची रचना जवळजवळ आजचीच आहे. आता परंपरा काय सांगते ते आठवा. इब्न मसऊद आणि उबय्य या साथीदारांच्या संहितांत सूरहांचा क्रम निराळा होता, हे मुस्लिम ग्रंथकारांनीच लिहून ठेवले आहे. पैगंबर हयात असताना नवी आयत आली की ती अमुक सूरहमध्ये अमुक ठिकाणी ठेवा असे ते लेखकांना सांगत, हेही त्यांनीच सांगितले आहे. सूरह आतून घट्ट आणि सूरहांची माळ मात्र काही काळ सैल, हे त्या वृत्तांतांतले चित्र येमेनच्या चामड्यावर उमटलेले आहे.

या सैलपणाची चर्चा मौलाना टाळत नाहीत, हे मला महत्त्वाचे वाटते. यमामाच्या लढाईत अनेक हाफिज, म्हणजे कुरआन तोंडपाठ असणारे, पडले तेव्हा पहिले खलिफा अबू बक्र यांनी झैद इब्न साबित यांना संकलनाचे काम दिले. खजुराच्या झावळ्यांचे देठ, पातळ दगड आणि माणसांची स्मृती यांतून झैदनी ते पूर्ण केले. तिसरे खलिफा उस्मान यांनी ६५० च्या सुमारास एक प्रमाण प्रत ठरवून तिच्या नकला मोठ्या शहरांना पाठवल्या. ‘अन्फाल’ आणि ‘तौबा’ या सूरह शेजारी का ठेवल्या आणि ‘तौबा’च्या आरंभी बिस्मिल्लाह का नाही, असे उस्मानांना विचारले गेले. त्यांचे उत्तर तिर्मिजीने नोंदवले आहे : दोन्हींचा विषय सारखा होता, आणि त्या एकच की वेगळ्या हे पैगंबर न सांगताच गेले. विद्वान सुयूती (मृत्यू १५०५) स्पष्ट लिहितो की सूरहांचा क्रम साथीदारांच्या विचाराने ठरला असे बहुसंख्य विद्वानांचे मत आहे. त्याउलट तो क्रमही पैगंबरांनीच सांगितला असे मानणारेही आहेत. दोन्ही मते शिकवली जातात, आणि कोणत्याही मताने कोणी धर्माबाहेर पडत नाही.

मराठी वाचकाला हे परके वाटण्याचे कारण नाही. चक्रधरस्वामींच्या आठवणी म्हाइंभटाने तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात भक्तांकडे जाऊन, विचारून गोळा केल्या आणि ‘लीळाचरित्र’ सिद्ध झाले. त्यातली स्वामींची वचने केसोबासांनी वेगळी काढून ‘सूत्रपाठ’ केला. वचने प्रसंगापासून सुटी झाली आणि लगेच अडचण उभी राहिली, की हे सूत्र कोणाला, कशावरून, कोणत्या वेळी सांगितले? त्या उत्तरासाठी महानुभावांनी ‘प्रकरणवश’ नावाचा स्वतंत्र ग्रंथ केला. सूत्र घ्यायचे आणि त्यामागची लीळा सांगायची. वाहिदीने नैशापुरात जे केले तेच काम गोदावरीच्या खोऱ्यात जन्मलेल्या एका पंथाने मराठीत केले, आणि दोघांना एकमेकांचा पत्ता नव्हता. वचन पवित्र मानणारा समाज प्रसंग जपतोच, कारण प्रसंगाशिवाय वचन कोणाच्याही हातात कसेही फिरते. महानुभावांचा हा खटाटोप प्राध्यापक इतिहासाचे साधन म्हणून वर्गात शिकवतील. मग वाहिदीला वेगळा न्याय का?

आता मौलानांची शंका. ती प्राध्यापकांच्या शंकेपेक्षा खोल आहे आणि तिला उत्तर देणे अधिक कठीण. “सर, आणि हे मधे बोलणारे लेखकमहाशय, तुम्ही दोघंही आयतीला तारीख लावू पाहता. आज म्हणाल, ही आयत अमुक टोळीच्या भांडणातली. उद्या कोणी म्हणेल, ती टोळी गेली, भांडण गेलं, आयतही गेली. आमचे फकीह, म्हणजे धर्मशास्त्री, म्हणूनच नियम सांगतात, की विचार शब्दाच्या व्याप्तीचा करायचा, कारणाच्या मर्यादेचा नाही. ‘मुजादला’ सूरह घ्या. एका बाईनं नवऱ्याविरुद्ध पैगंबरांपाशी वाद घातला आणि तिचं म्हणणं ऐकलं गेलं. बाई खौला बिन्त सालबा. पण न्याय काही एकट्या खौलाला मिळाला नाही. ‘तू मला आईसारखी’ म्हणून बायकोला लटकत ठेवायची जाहिलियतची, म्हणजे इस्लामपूर्व काळाची, रीत सगळ्यांसाठीच बंद झाली.”

मौलानांचा नियम मला मान्य आहे, आणि तो प्रसंग जाणण्याच्या आड येत नाही. खौलाची कथा काढून टाकली तर उरतो एककलमी आदेश आणि त्याचे प्रायश्चित्त. कथा असली की कळते, हा आदेश कोणाच्या बाजूने आला. त्याची व्याप्ती वाढवायची तर कोणत्या दिशेने वाढवायची, हे प्रसंगच सांगतो. मद्याचेही असेच. मक्की ‘नहल’मध्ये खजूर आणि द्राक्षांपासून होणाऱ्या पेयाचा नुसता उल्लेख आहे. मदिनेत ‘बकरा’ म्हणते की त्यात लाभापेक्षा पाप मोठे. ‘निसा’ म्हणते की नशेत प्रार्थनेला येऊ नका. आणि शेवटी ‘माइदा’ ते पूर्ण वर्ज्य करते. ग्रंथाच्या क्रमाने वाचणाऱ्याला ‘नहल’ या सर्वांनंतर, सोळाव्या स्थानी भेटते. अवतरणाचा क्रम माहीत नसलेला वाचक इथे गोंधळतो, आणि गोंधळ घालू इच्छिणाऱ्याला आयते हत्यार मिळते. क्रम जाणणाऱ्याला मात्र सुधारणेची एक पद्धत दिसते : समाजाला टप्प्याटप्प्याने सवयीबाहेर काढायचे.

प्राध्यापक इथे एक लोकप्रिय सूत्र पुढे करतात. “मग एवढं तरी मान्य करा, की मक्केत शांती आणि मदिनेत तलवार. सौम्य आयती दुबळेपणाच्या काळातल्या, कठोर आयती सत्ता आल्यावरच्या.” हे सूत्र समाजमाध्यमांवर रोज फिरते. त्याला ऐतिहासिक जाणिवेचा मुलामा आहे, म्हणून ते अधिक फसवे. मदिनेत युद्धे झाली आणि युद्धाच्या आयती तिथल्याच आहेत, हे खरे. पण धर्मात सक्ती नाही असे सांगणारी आयत ‘बकरा’ची आहे, म्हणजे मदनी. तिच्यामागचा प्रसंग हदीससंग्राहक अबू दाऊदने दिला आहे. मदिनेतल्या ज्या बायकांची मुले जगत नसत त्या नवस करीत, की मूल जगले तर ज्यूंकडे वाढवू. बनू नजीर ही ज्यू टोळी मदिनेतून बाहेर काढली गेली तेव्हा त्यांच्यात अशी मुले होती, आणि आईबाप त्यांना सोडायला तयार नव्हते. आयतीने सक्ती नाकारली. सत्ता हाती होती, बळ होते, मुले आपल्याच रक्ताची होती, आणि तरीही. ज्यांनी तुमच्याशी धर्मावरून युद्ध केले नाही त्यांच्याशी भलेपणाने आणि न्यायाने वागायला सांगणारी ‘मुम्तहना’मधली आयतही मदनीच. तिच्याशी जोडलेला प्रसंग अबू बक्र यांची मुलगी अस्मा आणि मुस्लिम न झालेली तिची आई यांचा आहे. उलट नरकाची सर्वांत भेदक वर्णने मक्की सूरहांत आहेत. सूत्र दोन्ही टोकांना तुटते.

आणि ‘तौबा’ची पाचवी आयत? तिच्यावाचून ही चर्चा अप्रामाणिक ठरेल. ती हिजरी सन ९ मधल्या जाहीरनाम्याचा भाग आहे. तह मोडणाऱ्या अरब अनेकेश्वरवादी टोळ्यांना चार महिन्यांची मुदत देणारा तो जाहीरनामा हजच्या गर्दीत अली यांनी वाचून दाखवला. चौथी आयत तह पाळणाऱ्यांना वगळते. सहावी सांगते की त्यांच्यातला कोणी आश्रय मागायला आला तर आश्रय द्या आणि त्याला सुरक्षित जागी पोचवा. पाचवी एकटी उचलणारे दोन गट आहेत. एक तिच्या जोरावर हिंसा करू पाहतो, दुसरा तिच्या जोरावर शेजाऱ्याला कायमचा वैरी ठरवू पाहतो. दोघेही चौथी आणि सहावी वाचत नाहीत, दोघेही सन ९ विसरतात. कठोर शब्द त्यामुळे मऊ होत नाहीत आणि करण्याचा प्रयत्नही करू नये. युद्धाचा आदेश हा युद्धाचाच आदेश आहे. पण कोणाविरुद्ध, कशामुळे आणि कुठवर, हे प्रश्न विचारणे ही पळवाट नसून वाचनाची पहिली अट आहे.

आपल्याकडे विनोबांनी ‘कुराण-सार’ केले. त्यासाठी अरबी शिकले, वर्षानुवर्षे मूळ ग्रंथ वाचला. त्या कामाबद्दल माझ्या मनात आदर आहे. पण विनोबांनी आयती विषयवार निवडल्या आणि सूरहची चौकट मोडली. भक्ती एका जागी, नीती दुसरीकडे, असे ते सुंदर संकलन वाचताना कोणते वचन छळाच्या दिवसांतले आणि कोणते राज्यकारभारातले हे कळत नाही. सार काढताना प्रसंग गळतो. याच्या दुसऱ्या टोकाला मौदूदी आहेत, जन्माने औरंगाबादचे (१९०३). त्यांच्या राजकीय विचारांशी माझे तीव्र मतभेद आहेत. तरी त्यांच्या उर्दू भाष्याची एक शिस्त घेण्यासारखी आहे. प्रत्येक सूरहआधी ते तिच्या नावाची, अवतरणकाळाची आणि पार्श्वभूमीची चर्चा करतात, आणि रिवायत नसेल तिथे मजकुरातल्या पुराव्यावरून काळाचा अंदाज करतात.

मौलानांच्या पेशातली एक गोष्ट इथे माझ्या मुद्द्याला बळ देते. मदरशातले मूल हिफ्ज (कुरआनाचे पाठांतर) बहुधा शेवटच्या, तिसाव्या पाऱ्यापासून (भागापासून) सुरू करते. या अम्मा पाऱ्यात ३७ सूरह आहेत आणि त्यांतल्या बहुतेक मक्की. सोपे आणि आखूड आधी, एवढाच त्यामागचा हेतू. पण परिणाम असा, की मालेगावातल्या त्या मुलाला कुरआन जवळपास त्याच टोकाकडून भेटते ज्या टोकाकडून ते मक्केच्या लोकांना भेटले : अनाथाला धुडकावणारा, माप मारणारा व्यापारी, संपत्ती मोजत बसणारा माणूस, आणि त्यांना विचारला जाणारा जाब. मराठी वाचक भाषांतर पहिल्या पानापासून उघडतो आणि ‘फातिहा’नंतर थेट ‘बकरा’च्या २८६ आयतींत शिरतो. तिथे किब्ला (प्रार्थनेची दिशा) बदलतो, तलाकाचे नियम येतात, ज्यूंशी वाद येतात, आणि मागची मक्केतली तेरा वर्षे त्याला ठाऊकच नसतात.

म्हणून दोन विनंत्या. मराठीत भाषांतरे छापणाऱ्यांनी प्रत्येक सूरहआधी तिचा काळ, तिच्यातल्या वेगळ्या काळच्या आयती आणि विद्वानांचे मतभेद दोन-चार ओळींत द्यावेत; मतभेद लपवू नयेत, कारण ते मूळ परंपरेनेच लपवलेले नाहीत. आणि नाशिकच्या महाविद्यालयांतल्या इतिहासाच्या शिक्षकांनी मालेगावच्या माहद-ए-मिल्लतमध्ये किंवा मंसूऱ्याच्या जामिया मोहम्मदियात जाऊन तिथल्या उस्तादांबरोबर एक सूरह वाचावी. उस्तादांनीही नाशकात येऊन ती मराठीत समजावावी. सुरुवात ‘मुम्तहना’पासून करता येईल. तिच्यात फक्त तेरा आयती आहेत, आणि शत्रूशी कसे वागावे व शत्रू नसलेल्या परधर्मीयाशी कसे वागावे हे दोन्ही प्रश्न त्यांत आले आहेत.